उभ्या ठिपक्यांची नेल

"ती बेडकी माझी मुलगी नव्हे," असं आर्लीन टकरने त्या कंपनीला कळवलं, तेव्हा तिची अपेक्षा होती की आठवड्याभराने एखादं गोडगोड, कुणालाही पाठवतात तसं उत्तर येईल आणि विषय संपेल. उत्तर त्याच दुपारी आलं. मरिसोल इबारा नावाच्या बाईने लिहिलं होतं: 'पुलावरची मुलगी काढणाऱ्या आर्लीन टकर त्या तुम्हीच का? आम्ही तुम्हाला केव्हापासून शोधतोय. सॅक्रामेंटोला आमच्या ऑफिसात येऊ शकाल?'

शोधत होते म्हणे. आर्लीन काही कुठे दडून बसली नव्हती. डोंगरावरचं घर वणव्यात गेल्यापासून ती खालच्या गावात, टायरच्या दुकानामागे, भाड्याच्या ट्रेलरमध्ये राहत होती, आणि बँकेपासून चर्चपर्यंत सगळ्यांना तिचा पत्ता माहीत होता. पण या नव्या लोकांचं शोधणं म्हणजे खुर्चीत बसून बोटं चालवणं. तिथे नाव सापडलं नाही की माणूस मेलं असं समजून मोकळे होतात.

तिने पीचच्या मुरंब्याची बरणी उघडली, तिचं पत्र्याचं झाकण धुऊन पुसून पर्समध्ये टाकलं आणि गाडी काढली.

हे झाकण बरोबर का घेतलं, ते आधी सांगायला हवं. पस्तीसेक वर्षांपूर्वी, घरोघरी कॉम्प्युटर नुकते येऊ लागले तेव्हा, आर्लीन डोंगरातल्या एका छोट्या कंपनीत खेळांसाठी चित्रं काढायची. किल्ले, जंगलं, चेटकिणी, राजपुत्र. सगळं ठिपक्या ठिपक्यांनी. आडवे तीनशेवीस ठिपके आणि उभे दोनशे, एवढाच काय तो कागद. आता मॉनिटरची काच होती रुंदीला चार तर उंचीला तीन, या मापाची. तीनशेवीस आणि दोनशे हे गणित त्या मापात बसत नाही. बसवायचं म्हणून ते यंत्र प्रत्येक ठिपका थोडा उंच ओढायचं. म्हणजे ठिपका चौरस नव्हताच, उभा होता, दारासारखा. तिथे काम करणाऱ्यांना हे अंगवळणी पडलेलं. चाक काढायचं तर मोजायला गेलं की चपटं भरणार, पण काचेवर ते गोल दिसणार. मोजणाऱ्याचा विश्वास धरायचा नाही, डोळ्याचा धरायचा.

त्यांचा मुख्य चित्रकार ऑरविल म्हणून एक लांबलचक माणूस होता. त्याचा दंडकच होता की प्रत्येक चित्रात काहीतरी गोल असलंच पाहिजे. चंद्र काढा, ताट काढा, विहिरीचं तोंड काढा, पण गोल हवा. सकाळी आला की तो खिशातून बरणीचं झाकण काढायचा, एकेकाच्या काचेवर त्या गोलाच्या मधोमध धरायचा, आणि भोवतीची कड सगळीकडून सारखी दिसेना तर मॉनिटरच्या मागची कळ पिळत बसायचा. पोरं त्याला झाकणवाला म्हणायची. हळूहळू सगळ्यांच्याच खिशात झाकणं आली. आजही त्या जुन्या खेळांमध्ये कुठेही बघा, काही कारण नसताना भिंतीवर एखादी गोल ढाल टांगलेली सापडते, ती त्या झाकणासाठी.

आणि त्यातल्याच एका खेळात नेल होती.

नेल ही आर्लीनची एकुलती एक मुलगी. नवव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने, सॅक्रामेंटोच्या इस्पितळात गेली. शेवटच्या महिन्यांत आर्लीन तिच्या खाटेशी बसून असायची. हातांना काहीतरी काम हवं होतं, म्हणून खालच्या दुकानातून तिने चौकटींच्या कागदाची वही आणली आणि रंगीत पेन्सिलींनी एकेक चौकट भरत तिने नेल काढली: पुलाच्या कठड्यावर बसलेली, हातात खंजिरी, येणाऱ्या-जाणाऱ्याला कोडं घालणारी मुलगी. ऑरविल भेटायला आला तेव्हा ती पानं बरोबर घेऊन गेला. पुढे नेल गेली. चार महिने आर्लीन कामावर फिरकली नाही. परतली त्या सकाळी ऑरविलने तिला खुर्चीवर बसवलं, मॉनिटर लावला, आणि काचेवर नेल उभी राहिली. त्याने स्वतः एकेक ठिपका बसवला होता.

निमुळता चेहरा, उंच कपाळ, हनुवटी अशी टोकाला आलेली. आजाराआधीची नेल. आर्लीन काचेला हात लावून कितीतरी वेळ रडली. त्या दिवशी तिला आपली मुलगी परत मिळाली, आणि याहून वेगळ्या शब्दांत ते सांगताच येत नाही.

नवऱ्याला मात्र तसं वाटलं नाही. वेसने चित्र पाहिलं आणि म्हणाला, "ही आपली नेल नव्हे." बस, एवढंच म्हणाला. आर्लीनने हातातली बशी त्याच्या अंगावर फेकली. तो संसार तसाही मोडायला टेकलाच होता, पण मोडला तो त्या वाक्यावर. वेस रेनोला निघून गेला. फोटोंची वाटणी करू नकोस, सगळे तूच ठेव, म्हणाला. आणि सगळे तिने ठेवले म्हणूनच ते सगळे जळाले. पाळण्यातले, शाळेतले, तळ्यावरचे. आजारपणातले मुळात नव्हतेच, कारण तेव्हा आर्लीनने घरात कॅमेरा काढू दिला नव्हता. बरी झालीस की काढू, म्हणायची. वणव्यानंतर तिने नेलच्या वर्गातल्या मुलींना, आता त्याही पन्नाशीकडे झुकलेल्या, फोन करकरून विचारलं. एकीकडे वर्गाचा फोटो निघाला. त्यात नेल मागच्या रांगेत होती आणि नेमकी मधमाशी हाकलायला तोंड फिरवून होती. एक कान आणि वेणी.

राहिली ती पुलावरची मुलगी. आर्लीनकडचा जुना कॉम्प्युटर, तो मॉनिटर, सगळं राख झालं होतं, पण खेळ कुठे जातो? ग्रंथालयातल्या मुलाने दोन मिनिटांत शोधून दिला. आणि बघते तर काय, नव्या रुंद काचेवर नेल फुगलेली. गाल दोन्हीकडे ओघळलेले, डोळे बारीक, कपाळ दाबून बसवलेलं. झाडं बुटकी, घोडा डुकरासारखा, राजपुत्राला ढेरी. नव्या काचेला उभा ठिपका ठाऊकच नाही. ती सगळ्यांना चौरस करून टाकते.

त्यानंतरच तिला कळलं की एक कंपनी हाच खेळ नवा मुलामा देऊन पुन्हा विकायला काढते आहे. त्यांच्या जाहिरातीवर तीच फुगलेली मुलगी होती. मग आर्लीनने बेडकीचं पत्र लिहिलं.

मरिसोलचं ऑफिस म्हणजे एका दंतवैद्याच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या निघाल्या. ती स्वतः पस्तिशीची, गोल चष्म्याची, तोंडात सतत सूर्यफुलाच्या बिया. आर्लीनला पाहून उठून उभी राहिली.

"मिसेस टकर, खरं सांगू? मी आठ वर्षांची असताना तुमच्या त्या पुलावर अडकले होते. आठवडाभर. कोडं काही सुटेना. आई म्हणायची, अगं ती पोरगी काय तुझी पाहुणी आहे का, सारखी तिच्याकडे बघत बसतेस!"

"तेव्हा कसल्या काचेवर खेळायचीस?"

"मामाचा जुना डब्बा होता. खोकं. का हो?"

"मग तू खरी पाहिलीस तिला," आर्लीन म्हणाली. "आणि आता हे असं करून ठेवलंयस. लाज नाही वाटत?"

मरिसोलने बियांचं भांडं बाजूला सारलं. "आमचं जरा ऐका तर. सरळ चौरस ठिपके ठेवले की चित्र कसं धारदार दिसतं. ओढून उंच केलं की कुठे एक ओळ जास्त, कुठे एक कमी, असा घोळ होतो. चालताना माणसाचं नाक थरथरतं. लोक शिव्या घालतात. आणि लोकांना हेच आवडतं हो, इतकी वर्षं सगळीकडे असंच बघितलंय त्यांनी."

"लोकांना काय, उद्या उलटं दाखवलंस तर तेही आवडेल." आर्लीनने झाकण काढून तिच्या काचेवर, राजवाड्याच्या चंद्रावर धरलं. "हा चंद्र आहे? दाबून पसरवलेली पोळी आहे ही. घोडागाडीचं चाक बघ. ती ढाल बघ. सगळं चपटं. आम्ही काय दारू पिऊन काढायचो?"

मरिसोलने झाकणाकडे पाहिलं, चंद्राकडे पाहिलं, मग दुसरं चित्र लावलं, तिसरं लावलं. प्रत्येकात एक गोल होता आणि प्रत्येक गोल चपटा होता.

"आयला," ती म्हणाली. "हे सगळं मुद्दाम ठेवलंय तुम्ही लोकांनी?"

मग झाकणवाल्या ऑरविलची सगळी कथा झाली, कॉफी झाली, मरिसोल हसून हसून लाल झाली. शेवटी आर्लीनने नेलचं सांगितलं. आजार, खाट, वणवा, कान आणि वेणी. एवढंच मागणं होतं तिचं. जगात त्या मुलीचा एकच चेहरा उरलाय, तो तरी धड असू दे.

मरिसोलने एका कागदावर काहीतरी मोजून पाहिलं. मग म्हणाली, "हल्लीच्या मोठ्या काचांवर ठिपके इतके असतात की एका जुन्या ठिपक्याला आडवे पाच आणि उभे सहा दिले तर बरोबर भागतं. कुठे थरथर नाही. काम वाढेल, माझा भागीदार बोंब मारेल, पण करते मी. तुमची नेल उभी करून देते."

आर्लीन परतताना, वणव्यानंतर पहिल्यांदाच, गाडीतला रेडिओ लावून आली.

तीन आठवड्यांनी मरिसोलचा फोन आला. आवाज वेगळा होता. "आर्लीन, येऊन जाल का? चित्रं सगळी तयार आहेत. एकाबद्दल विचारायचंय."

"कुठल्या?"

"या तर खरं."

आर्लीनने जाताना केस नीट बांधले, लिपस्टिक लावली. मुलीला भेटायला चालली होती ती.

मरिसोलने काचेवर एकामागून एक चित्रं दाखवली. चंद्र गोल होता. चाक गोल होतं. घोड्याचा घोडा झाला होता आणि राजपुत्राची ढेरी उतरली होती. मग पूल आला, आणि कठड्यावर नेल. निमुळता चेहरा, उंच कपाळ, टोकाची हनुवटी. अगदी तीच. आर्लीनला हुंदका आला. तिने तोंडावर हात धरला.

"झालं की गं पोरी," ती म्हणाली. "हीच. हीच ती. आता विचारायचं काय राहिलं?"

मरिसोलने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुमचं झाकण आणलंय?"

"आणलंय."

"खंजिरीवर धरा."

आर्लीनने झाकण खंजिरीच्या मधोमध धरलं. डावी-उजवीकडे कड बारीक होती, वर आणि खाली बोटभर. तिने झाकण सरकवलं, पुन्हा धरलं. खंजिरी अंडं होती.

"बाकी सगळी चित्रं गोल झाली," मरिसोल हळू आवाजात म्हणाली. "मी एकेक तपासलं. हीच एक बिघडली. मला वाटलं, माझीच काहीतरी चूक. मग जुनी फाईल उघडून ठिपके मोजले. आर्लीन, या खंजिरीचे आडवे ठिपके आणि उभे ठिपके सारखे आहेत. बाकी कुठल्याच चित्रात तसं नाही. हे एकच चित्र कुणीतरी चौरस ठिपके धरून काढलंय."

"कुणीतरी कोण? मीच काढलंय ते."

"काचेवर काढलं होतं?"

आर्लीनने झाकण काचेवरून खाली घेतलं.

काचेवर कुठलं? खाटेवर. चौकटींच्या कागदावर. आणि वहीतली चौकट चौरस असते, ती काही कुणी उभी ओढत नाही. आयुष्यभर ती काचेवर डोळ्याने काढत आली होती, कागदावर काढलं ते तेवढं एकच चित्र. तेही समोर बघून, जसं दिसतं तसं. सवयीने गोलही ठेवला होता. घरून पीच आणले होते, त्या बरणीचं झाकण कागदावर ठेवून तिने कड आखली होती, आणि झाकण हलू नये म्हणून ते नेलने दाबून धरलं होतं. सुजलेल्या बोटांनी.

सुजलेल्या. त्या औषधांनी नेल नुसती फुगली होती. चेहरा वाटोळा झाला होता, डोळे गालांत बुडाले होते, मान दिसेनाशी झाली होती. न्हाणीघरातल्या आरशावर आर्लीनने टॉवेल टाकून ठेवला होता. नेलने तो काढायला लावला. आणि चित्र चाललं असताना म्हणाली होती, "आई, मी दिसते तशीच काढ हं. बारीक करू नकोस. नाहीतर लोकांना कळणारच नाही मी आहे ते."

"नाही करणार," आर्लीन म्हणाली होती. आणि खरंच नव्हती केली.

केली ती काचेने. चौरस चौकटी उभ्या ठिपक्यांत घातल्या आणि काचेने नेल ओढून बारीक केली. ऑरविलच्या त्या काचेवर जी निमुळती मुलगी उभी राहिली, ती कधी कुणाच्या पोटी जन्मलीच नव्हती. आजाराआधीच्या नेलशी तिचं साम्य होतं, तेही योगायोगाने, आणि किती होतं ते आता तपासायला एक फोटो उरला नव्हता. आणि झाकणवाल्या ऑरविलच्या नजरेतून अंडं सुटलं असेल? त्याने पाहिलं असणारच. समोर ती काचेला हात लावून रडत होती, म्हणून त्याने झाकण खिशातच ठेवलं. भला माणूस. त्या एका भलेपणावर आर्लीनने पस्तीस वर्षं काढली.

"मी तिला बेडकी म्हटलं," आर्लीन म्हणाली.

"तुम्हाला काय माहीत..."

"लिहून पाठवलं गं. बेडकी. माझ्या पोरीला."

मरिसोलने तिच्यापुढे पाणी ठेवलं. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एक करता येईल. मी खंजिरी तेवढी गोल करते. चेहरा असाच राहू दे, बारीक. कोणाला कधी कळायचं नाही. आई शप्पथ, माझ्या भागीदारालाही नाही सांगणार."

आर्लीन उठली आणि खाली गाडीत जाऊन बसली. रेनोचा नंबर तिला पाठ होता. तो तिने गेल्या बारा वर्षांत लावला नव्हता.

"आर्लीन?" वेस घाबरूनच बोलला. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी नाही. आता जायला कोण राहिलंय? वेस, नेल शेवटी कशी दिसायची रे?"

तिकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.

"हे काय विचारणं झालं? इतक्या वर्षांनी?"

"तू चित्र पाहून म्हणाला होतास, ही आपली नेल नव्हे."

"म्हणालो होतो. आणि तू ताट फेकलंस."

"बशी होती. वेस, तुझं बरोबर होतं. ते चित्र चुकीचं दिसत होतं. काचेने खोटं केलं होतं. तुला तेव्हा कळलं आणि मला नाही. आता सांग ना मला. तुला खरी आठवते ना? गाल कसे होते? हसली की डोळे मिटायचे का पूर्ण? मला आठवतच नाही रे. मी त्या काचेवरच्या दुसरीकडेच बघत बसले इतकी वर्षं."

तिकडे खुर्ची करकरली.

"तुला एक सांगितलं नाही कधी," वेस म्हणाला. "तुझ्याशी भांडून आलो खरा, पण इथे आल्यावर मी तो खेळ विकत घेतला. एकटाच होतो. बस चालवायचं काम संपलं की घरी यायचो, लावायचो. त्या पुलापर्यंत जायचं नि थांबायचं. कोडं सुटलं की ती जायला सांगते ना, म्हणून मुद्दाम चुकवायचो. पहिले काही महिने वाटायचं, ही नाही, ही नाही. मग एक दिवस वाटेनासं झालं."

"वेस."

"आता डोळे मिटले की तीच येते. तुझी बारीक. मला दुसरी आठवत नाही, आर्लीन. लई प्रयत्न केला."

"थोडीसुद्धा नाही?"

"हात आठवतात. सुया टोचून टोचून काळेनिळे झालेले. तोंड नाही आठवत." मग म्हणाला, "तूच जिंकलीस म्हण."

तिने फोन ठेवला. दंतवैद्याकडून एक बाई गाल धरून बाहेर पडली आणि समोरच्या बसथांब्यावर जाऊन बसली. आर्लीनला इतकं एकटं नेल गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान गमावलेलं पोर ओळखीचं होतं.

वर आली तेव्हा मरिसोल तशीच बसून होती. काचेवर तीच निमुळती मुलगी होती, आणि अजूनही ती इतकी गोड दिसत होती की आर्लीनला क्षणभर वाटलं, राहू दे. करू दे खंजिरी गोल. कोणाचं काय बिघडतं? ठेवणारी मी, बघणारी मी, तीही अजून किती दिवस?

"ऑरविलने हेच केलं होतं," ती म्हणाली. "नको. ते चित्र होतं तसं कर. चौरस ठेव."

"फक्त तेवढंच?"

"फक्त तेवढंच. बाकीच्यांना उभं राहू दे."

"लोक विचारतील. म्हणतील, सगळे नीट केले आणि ही एकच फुगलेली का? चूक राहिली म्हणतील."

"म्हणू देत."

मरिसोलने काहीतरी दाबलं. नेल खाली बसल्यासारखी झाली. कपाळ आखडलं, गाल भरले, डोळे बारीक झाले. कठड्यावर एक वाटोळी, जड, परकी मुलगी बसली होती आणि आर्लीनकडे बघत होती.

आर्लीनने खुर्ची पुढे ओढली. ओळख पटावी म्हणून ती तिच्याकडे खूप वेळ पाहत राहिली. कुठल्यातरी कोपऱ्यातून काहीतरी हलेल, आत कळ उठेल, आणि आपण म्हणू, अगं बाई, हीच की! तसं काही झालं नाही. तिला फक्त तिची दया आली, इस्पितळात शेजारच्या खाटेवरच्या पोराची येते तशी. नऊ वर्षांच्या लेकीने एकच गोष्ट मागितली होती, लोकांना कळलं पाहिजे मी आहे ते. आणि आता सगळ्या जगाला दाखवून झाल्यावर, आईलाच कळत नव्हतं.

तिने पर्समधून झाकण काढलं आणि खंजिरीवर धरलं. कड सगळीकडून सारखी होती.

"हीच नेल?" मरिसोलने विचारलं.

"हो," आर्लीन म्हणाली. "हे झाकण तरी तसंच म्हणतंय."